शेजारी ‘फुल’ झाला, पण वाट कुठून गेली?

गेल्या पावसाळ्यात, बाजाराच्या दिवशी भर दुपारी, तासगावच्या शाखेतून फोन आला. “मॅडम, राउटरचे सगळे दिवे हिरवे आहेत, पण एकही खाते उघडत नाही.” मी ज्या पतसंस्थेचे नेटवर्क सांभाळते, तिचे मुख्य कार्यालय सांगलीत आहे आणि दोन शाखा मिरज व तासगाव येथे आहेत. तिन्ही ठिकाणे तीन भाड्याच्या लाइनींनी एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणजे नकाशावर पाहिले तर सरळ त्रिकोण दिसतो. मिरज ते तासगाव ही तिसरी लाइन तर केवळ एवढ्यासाठीच घेतली होती की, सांगलीकडची लाइन तुटली तर तासगावचे काम मिरजेमार्गे चालू राहावे. त्या दिवशी सांगली-तासगाव लाइन वाटेत कुठेतरी खोदकामात तुटली होती आणि मिरजेकडची लाइन ठणठणीत होती. तरीही शाखा साडेतीन तास बंद राहिली आणि काउंटरसमोर उभे असलेले लोक हात हलवत परत गेले. दर महिन्याला ज्या लाइनीचे भाडे आपण भरतो, ती नेमक्या गरजेच्या वेळी उपयोगी पडू नये, याचे मला फार वाईट वाटले.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तिन्ही राउटरांवर स्टॅटिक रूट, म्हणजे आपोआप न बदलणाऱ्या ठरलेल्या वाटा, हाताने लिहिलेल्या होत्या. सांगलीमार्गे जाणारी मुख्य रूट होती आणि तिच्या जोडीला, मुख्य रूट गेली तरच पुढे यावी म्हणून २०० अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (पसंतीचा आकडा; जितका कमी तितकी पसंती आधी) दिलेली राखीव रूटही होती. कागदावर हे सगळे बरोबर होते. परंतु स्टॅटिक रूट टेबलातून, म्हणजे राउटरच्या वाटांच्या यादीतून, जाते ती राउटरचा इंटरफेस (लाइन जोडण्याचे तोंड) पडला तरच, आणि आमच्या राउटरची केबल शेजारच्याच कपाटातल्या, फायबरचे सिग्नल केबलवर आणणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरला जोडलेली होती. तो कन्व्हर्टर चालू होता, केबल शाबूत होती, म्हणून इंटरफेसचा दिवा हिरवा होता. पुढे काही किलोमीटरवर फायबर तुटली आहे हे राउटरला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तो इमानेइतबारे प्रत्येक पॅकेट त्या तुटलेल्या लाइनीत टाकत राहिला आणि राखीव रूटची पाळी कधी आलीच नाही.

यावर आयपी एसएलए, म्हणजे राउटरमधली लाइन तपासण्याची सोय, लावून, पलीकडच्या टोकाला सतत पिंग करून, म्हणजे उत्तर मागणारे छोटे पॅकेट पाठवून, उत्तर थांबले की स्टॅटिक रूट काढून टाकायची, असाही उपाय असतो. तीन ठिकाणांना तो पुरलाही असता. पण आमच्याकडे आणखी शाखा जोडल्या जाणार आहेत, आणि प्रत्येक नव्या शाखेबरोबर प्रत्येक जुन्या राउटरवर हाताने नव्या रूट, त्या तपासणीचे नवे ट्रॅक आणि नव्या राखीव रूट लिहीत बसणे म्हणजे चुकांना आवतण देणे होय. राउटरांनी आपसांत बोलून स्वतःच वाट ठरवावी, हेच योग्य होते. म्हणून मी ओएसपीएफ, म्हणजे ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट, हा डायनॅमिक राउटिंग प्रोटोकॉल लावायचे ठरवले. तो कसा लावला, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तो खरोखर लागला आहे याची खात्री कशी केली, हे इथे सविस्तर लिहीत आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. राउटरवर त्या अर्थातच इंग्रजीत टंकाव्या लागतात. आमचे राउटर सिस्कोचे आहेत, त्यामुळे कमांडही त्याच घराण्यातल्या आहेत.

रिप हा जुना प्रोटोकॉल मी का घेतला नाही, हे थोडक्यात सांगते. रिप फक्त वाटेत किती राउटर लागतात ते मोजतो. वाट रुंद आहे की अरुंद, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. शिवाय पंधराच्या पुढचा सोळावा टप्पा तो अनंत मानतो आणि आपले संपूर्ण टेबल दर तीस सेकंदांनी शेजाऱ्याला, म्हणजे थेट जोडलेल्या राउटरला, ऐकवत बसतो. त्याचा शेजाऱ्याच्या सांगण्यावर विश्वास असतो. स्वतःचा नकाशा त्याच्याकडे नसतो. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर आपल्याला लागून कोणकोणत्या लिंक आहेत आणि त्यांची कॉस्ट, म्हणजे त्या वाटेने जाण्याची किंमत सांगणारा आकडा, किती, एवढीच स्वतःची खरी माहिती लिहून ती सगळ्या क्षेत्रात (एकच नकाशा ठेवणाऱ्या राउटरांच्या गटात) पोहोचवतो. या लिखाणाला लिंक स्टेट अॅडव्हर्टाइजमेंट, म्हणजेच एलएसए म्हणतात. सगळ्यांचे एलएसए जमले की प्रत्येक राउटरकडे संपूर्ण नकाशा तयार होतो, आणि त्या नकाशावर स्वतःला केंद्रस्थानी ठेवून तो सर्वांत स्वस्त वाटा काढतो. वाटा काढण्याची ही रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा राउटर नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. आज आपण वापरतो त्या ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीचे प्रमाण लिखाण, आरएफसी २३२८, जॉन मॉय यांनी एप्रिल १९९८ मध्ये लिहिले. ते २४४ पानांचे असून, ज्याला या कामात टिकायचे आहे त्याने निदान त्यातले शेजारी जोडण्याचे प्रकरण एकदा तरी शांतपणे वाचावे, असे मला मनापासून वाटते.

राउटरला हात लावण्यापूर्वी मी एक कागद घेतला. मला ज्यांनी हे काम शिकवले ते सर नेहमी सांगत, “आधी लिही, मग बघ.” स्क्रीनवर उत्तर दिसल्यानंतर ते आपल्याला बरोबरच वाटू लागते, म्हणून काय दिसायला हवे ते आधीच लिहून ठेवायचे आणि स्क्रीनवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. कागदावर मी त्रिकोण काढला. सांगलीच्या राउटरला १.१.१.१, मिरजेच्या राउटरला २.२.२.२ आणि तासगावच्या राउटरला ३.३.३.३ असे राउटर आयडी दिले. सांगली-मिरज लिंकला १०.१०.१२.०/३०, सांगली-तासगाव लिंकला १०.१०.१३.०/३० आणि मिरज-तासगाव लिंकला १०.१०.२३.०/३० हे पत्ते होते. कार्यालयांची आतली नेटवर्क अनुक्रमे १९२.१६८.१०.०/२४, १९२.१६८.२०.०/२४ आणि १९२.१६८.३०.०/२४.

मग कॉस्टचा प्रश्न आला, आणि इथे बहुतेक जण घाई करतात. ओएसपीएफची कॉस्ट म्हणजे संदर्भ बँडविड्थ भागिले इंटरफेसची बँडविड्थ. मुळात संदर्भ बँडविड्थ १०० मेगाबिट धरलेली असते, त्यामुळे १०० मेगाबिटचा इंटरफेस, एक गिगाबिटचा इंटरफेस आणि दहा गिगाबिटचा इंटरफेस या तिघांचीही कॉस्ट १ येते, कारण एकाच्या खाली कॉस्ट जात नाही. आमच्या बाबतीत तर आणखी एक गोम होती. राउटरचा पोर्ट गिगाबिटचा असला तरी त्यामागची भाड्याची लाइन सांगली-मिरज २० मेगाबिटची आणि बाकी दोन्ही १० मेगाबिटच्या आहेत. राउटर पोर्ट पाहतो, लाइन पाहत नाही. म्हणून तिन्ही राउटरांवर ‘ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १००००’ अशी एकसारखी ओळ लिहिली, ज्यामुळे आतल्या गिगाबिट नेटवर्कची कॉस्ट १० झाली, आणि लाइनींच्या इंटरफेसवर ‘आयपी ओएसपीएफ कॉस्ट’ ही कमांड देऊन सांगली-मिरजेला ५०० आणि बाकी दोघींना प्रत्येकी १००० असे आकडे हाताने घातले. कॉस्ट लिंकच्या दोन्ही टोकांना सारखीच लिहावी लागते, कारण राउटर फक्त बाहेर जाणाऱ्या दिशेची कॉस्ट मोजतो. एका टोकाला विसर पडला तर पॅकेट एका वाटेने जाते आणि दुसऱ्या वाटेने परत येते.

आता कागदावर आकडे मांडता आले. मिरजेहून तासगावच्या आतल्या नेटवर्कला सरळ गेले तर १००० अधिक १०, म्हणजे १०१०, आणि सांगलीवरून वळसा घातला तर ५०० अधिक १००० अधिक १०, म्हणजे १५१०. सांगलीहून तासगावला सरळ १०१०, मिरजेवरून १५१०. तासगावहून मिरजेला सरळ १०१०, सांगलीवरून १५१०. प्रत्येक ठिकाणापुढे अपेक्षित कॉस्ट आणि पुढच्या टप्प्याचा पत्ता लिहून झाल्यावर कागद घडी घालून वहीत ठेवला.

कॉन्फिगरेशन तसे लहान आहे. ‘राउटर ओएसपीएफ १’ लिहून प्रक्रिया सुरू करायची. हा १ केवळ त्या राउटरपुरता असतो, शेजाऱ्याशी जुळण्याची गरज नसते. त्यानंतर लगेच राउटर आयडी हाताने द्यायचा. तो दिला नाही तर राउटर आपल्या लूपबॅक, म्हणजे केवळ राउटरच्या आत असणाऱ्या काल्पनिक, इंटरफेसांतला सर्वांत मोठा पत्ता घेतो, आणि लूपबॅक नसेल तर चालू इंटरफेसांतला सर्वांत मोठा. नंतर आयडी बदलायचा झाला तर ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ द्यावी लागते आणि सगळे शेजारी एकदा तुटतात. एका राउटरचे कॉन्फिगरेशन दुसऱ्यावर जसेच्या तसे चिकटवणाऱ्यांकडून दोन राउटरांना एकच आयडी जातो, आणि मग ते दोघे एकमेकांचे शेजारी होतच नाहीत.

‘नेटवर्क १०.१०.१२.० ०.०.०.३ एरिया ०’ या ओळीबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की, त्यावर थोडे थांबते. अनेकांना वाटते की या ओळीने ते नेटवर्क जाहीर होते. प्रत्यक्षात ही ओळ एवढेच विचारते की, या राउटरच्या कोणत्या इंटरफेसचा पत्ता या पट्ट्यात बसतो. जो बसेल त्या इंटरफेसवर ओएसपीएफ सुरू होतो, आणि जाहीर होते ते त्या इंटरफेसचे स्वतःचे नेटवर्क, त्याच्या स्वतःच्या मास्कसह. ०.०.०.३ हा वाइल्डकार्ड मास्क आहे, म्हणजे नेहमीच्या मास्कच्या उलट. जिथे शून्य तिथे अंक तंतोतंत जुळला पाहिजे. हा घोळ टाळायचा असेल तर थेट इंटरफेसमध्ये जाऊन ‘आयपी ओएसपीएफ १ एरिया ०’ लिहिता येते, आणि मला तीच पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण कॉन्फिगरेशन वाचणाऱ्याला काय कुठे चालू आहे ते जागेवरच दिसते. तीन राउटरांसाठी एकच क्षेत्र, एरिया ०, पुरेसे होते.

आतल्या नेटवर्कवर, जिथे फक्त कर्मचाऱ्यांचे संगणक आहेत, तिथे शेजारी शोधणारी हॅलो पॅकेट पाठवण्याचे काहीच कारण नाही. उलट कुणी आपला राउटर तिथे लावून खोट्या वाटा घुसवू शकतो. म्हणून ‘पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट’ लिहून आधी सगळे इंटरफेस गप्प केले आणि मग ‘नो पॅसिव्ह-इंटरफेस’ देऊन फक्त लाइनींचे दोन इंटरफेस बोलते ठेवले. गप्प इंटरफेसचे नेटवर्क तरीही जाहीर होते. लाइनींवर एमडी५ ऑथेंटिकेशन लावले, ज्यामुळे किल्ली जुळल्याशिवाय शेजारी जोडला जात नाही.

शेवटची ओळ होती ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’. इथरनेटचा इंटरफेस असला की ओएसपीएफ त्याला आपोआप ब्रॉडकास्ट मानतो, म्हणजे तिथे अनेक राउटर असतील असे गृहीत धरतो आणि त्यांच्यातून एक प्रमुख, म्हणजे डीआर, व एक उपप्रमुख, म्हणजे बीडीआर, निवडायला बसतो. दहा राउटर एकाच स्विचवर असतील तर ही निवड फार उपयोगाची आहे, कारण एरवी प्रत्येकाने प्रत्येकाशी जोडायचे म्हटले तर ४५ जोड्या होतात. पण ज्या लाइनीला दोनच टोके आहेत तिथे प्रमुख निवडण्यात काय अर्थ आहे? उलट निवडीसाठी ४० सेकंद थांबावे लागते. म्हणून ती ओळ सहाही टोकांना लिहायची असे कागदावर ठरले होते.

काम शनिवारी रात्री, शाखा बंद झाल्यावर घेतले. मी सांगलीत होते आणि तिथूनच मिरजेच्या राउटरवर काम करत होते. तासगावला माझा एक तरुण सहकारी कन्सोल केबल लावून बसला होता. दूरच्या राउटरवर काम सुरू करण्याआधी मी ‘रीलोड इन २०’ देते. आपल्याच चुकीने आपण बाहेर फेकले गेलो तर वीस मिनिटांनी राउटर पुन्हा सुरू होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो, आणि काम नीट झाले तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यायची. जुन्या स्टॅटिक रूट मुद्दामच जागेवर ठेवल्या होत्या. स्टॅटिक रूटची अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १ आणि ओएसपीएफची ११०. ज्याची कमी तो टेबलात बसतो. त्यामुळे ओएसपीएफ पडद्यामागे पूर्ण उभा राहीपर्यंत चालू रहदारीला धक्का लागत नाही.

दहाच्या सुमारास तासगावहून फोन आला. “मॅडम, दोन्ही नेबर फुल दाखवतायत. मिरजेला पिंगही होतंय. आवरू का?”

फुल म्हणजे शेजारी पूर्ण जोडला गेला आणि दोघांकडचा एलएसएचा साठा, म्हणजे डेटाबेस, जुळला. मी वही उघडली. “थांब जरा. शो आयपी ओएसपीएफ रिब दे, आणि १९२.१६८.२०.० समोर कॉस्ट काय आहे ती वाच.”

“पंधराशे दहा. व्हाया १०.१०.१३.१.”

रिब म्हणजे ओएसपीएफने स्वतः काढलेल्या वाटांची यादी. कागदावर १०१० होते आणि पुढचा टप्पा १०.१०.२३.१ होता. म्हणजे तासगावचा राउटर मिरजेला जाण्यासाठी सांगलीचा वळसा घेऊ पाहत होता, आणि समोरची सरळ लाइन त्याच्या नकाशावर नव्हतीच. मिरजेच्या राउटरवर पाहिले, तर तिथेही तासगावसमोर १५१० आणि सांगलीचा पत्ता. पिंग होत होते ते जुन्या स्टॅटिक रूटमुळे. त्या काढल्या असत्या तरी पिंग सांगलीवरून झालेच असते. आम्ही त्याच क्षणी आवरून घरी गेलो असतो तर सगळे सुरळीत दिसले असते, आणि पुढच्या वेळी सांगली-तासगाव लाइन तुटल्यावर तासगाव पुन्हा तसेच अंधारात गेले असते.

शेजारी फुल असताना वाट का मिळत नाही? मी दोन्ही बाजूंना ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ देऊन त्या ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तासगावच्या बाजूला फुल या शब्दानंतर तिरकी रेघ आणि तिच्यापुढे नुसती आडवी रेघ होती. मिरजेच्या बाजूला मात्र त्या आडव्या रेघेच्या जागी निवडणुकीतल्या भूमिकेचे नाव होते. एका टोकाला निवडणूक झाली होती आणि दुसऱ्या टोकाला ती ठाऊकच नव्हती. ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ ने शिक्कामोर्तब केले: तासगावला नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट, मिरजेला ब्रॉडकास्ट. सहा टोकांपैकी मिरजेच्या त्या एका टोकावर ती ओळ लिहायची माझ्याकडून राहिली होती.

ही चूक इतकी शांत का असते, ते समजून घेण्यासारखे आहे. शेजारी जोडताना हॅलो पॅकेटमधल्या काही गोष्टी जुळाव्याच लागतात: क्षेत्राचा क्रमांक, हॅलोचा आणि डेडचा कालावधी (इतका वेळ हॅलो आला नाही तर शेजारी गेला असे मानायचे), ऑथेंटिकेशन, आणि ब्रॉडकास्टवर मास्कही. पण नेटवर्कचा प्रकार हॅलो पॅकेटमध्ये लिहिलेलाच नसतो. ब्रॉडकास्ट आणि पॉइंट-टू-पॉइंट या दोन्हींचे कालावधी सारखेच, हॅलो १० सेकंद आणि डेड ४० सेकंद, त्यामुळे कुठेच काही अडत नाही आणि शेजारी फुलपर्यंत पोहोचतो. गडबड होते ती नकाशा काढताना. मिरजेचा एलएसए म्हणतो, “मी एका सामाईक नेटवर्कला जोडलेला आहे.” तासगावचा एलएसए म्हणतो, “मिरजेकडे माझी थेट लाइन आहे.” एखादी लिंक नकाशावर धरण्यापूर्वी राउटर हे पाहतो की, दुसऱ्या टोकानेही तीच लिंक आपल्याकडे येणारी म्हणून लिहिली आहे का. इथे दोघांचे लिखाण दोन वेगवेगळ्या गोष्टींचे होते, म्हणून दोन्ही बाजूंनी पडताळणी फसली आणि लिंक नकाशातून गळली. जिथे दुसरी वाटच नसते, तिथे सगळ्या रूट नाहीशा होतात आणि डेटाबेसमध्ये हा राउटर पोहोचण्याजोगा नाही अशी सूचनाही दिसते. आमच्या त्रिकोणात दुसरी वाट होती, म्हणून तीही सूचना आली नाही. कॉस्टचा एक आकडा, एवढीच काय ती खूण होती.

मिरजेच्या त्या इंटरफेसवर ओळ लिहिली. शेजारी तुटला, इनिट, एक्सस्टार्ट, एक्सचेंज, लोडिंग या पायऱ्या चढून पुन्हा फुल झाला, आणि सहकाऱ्याने फोनवर वाचले, “दहाशे दहा, व्हाया १०.१०.२३.१.” मी कागदावर त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

मग डेटाबेस ताडून पाहिला. एका क्षेत्रातल्या सगळ्या राउटरांकडे डेटाबेस सारखाच असला पाहिजे, हा ओएसपीएफचा पाया आहे. ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस’ मध्ये प्रत्येक एलएसएसमोर त्याचे वय, अनुक्रमांक आणि चेकसम (मजकुराच्या पडताळणीचा आकडा) असतो. वय राउटरागणिक एखाद-दोन सेकंदांनी वेगळे दिसू शकते, पण अनुक्रमांक आणि चेकसम तिन्ही ठिकाणी तेच हवेत. आमच्याकडे तीनच राउटर एलएसए असायला हवेत, आणि सगळ्या लाइनी पॉइंट-टू-पॉइंट असल्यामुळे नेटवर्क एलएसएचा विभाग दिसताच कामा नये. तसेच निघाले. या वयाकडे अधूनमधून लक्ष ठेवणे चांगले. एलएसए साधारण १८०० सेकंदांनी नव्याने पाठवला जातो. एखाद्याचा अनुक्रमांक दर काही सेकंदांनी वाढत असेल, तर त्या राउटरची एखादी लिंक सारखी पडत-उठत आहे असे खुशाल समजावे.

त्यानंतर स्टॅटिक रूट काढल्या. आधी तासगाव, मग मिरज आणि शेवटी सांगली. प्रत्येक रूट काढल्यावर टेबलात त्या जागी ओ अक्षराने सुरू होणारी ओळ आली आहे आणि चौकटी कंसात ११० व कागदावरची कॉस्ट आहे, हे पाहूनच पुढे गेले. पिंग करताना नेहमी उगमाचा पत्ता द्यावा, म्हणजे ‘पिंग १९२.१६८.३०.१ सोर्स १९२.१६८.१०.१’. नुसते पिंग केले तर राउटर लाइनीच्या इंटरफेसचा पत्ता वापरतो, आणि पलीकडच्या राउटरला आपल्या आतल्या नेटवर्ककडे परतीची वाट माहीत आहे की नाही, ते तपासलेच जात नाही.

खरी परीक्षा त्यानंतर होती. सांगलीच्या राउटरची केबल मी काढली नाही, कारण त्याने इंटरफेस पडला असता आणि ती परिस्थिती पावसाळ्यातल्या त्या दुपारसारखी नसती. मी मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडची फायबर उपसली. राउटरचा दिवा हिरवाच राहिला. दुसऱ्या खिडकीत शंभर पिंग चालू होते आणि उत्तर आल्याच्या उद्गारचिन्हांच्या जागी उत्तर न आल्याची टिंबे पडू लागली. प्रत्येक टिंब म्हणजे वाट पाहिलेले दोन सेकंद. शेजाऱ्यांच्या यादीत तासगावसमोरचा डेड टाइम, जो एरवी चाळीसपासून तिसापर्यंत उतरून पुन्हा चाळीस होत असतो, तो या वेळी वीस, दहा, पाच असा उतरत गेला. मग तासगाव फुलवरून डाउन झाल्याची, डेड टायमर संपल्याची ओळ लॉगमध्ये उमटली, आणि उद्गारचिन्हे परत आली. मी टिंबे मोजली, अठरा होती. छत्तीस सेकंद. सांगलीच्या टेबलात तासगावसमोर आता १५१० आणि मिरजेचा पत्ता होता, कागदावर लिहिल्याप्रमाणेच.

छत्तीस सेकंद जास्त आहेत का? आमच्या काउंटरवरच्या कामाला ते चालतात. व्यवहार एकदा अडखळतो आणि पुढे जातो. हॅलो ३ आणि डेड १२ करून ते कमी करता येतात, पण दोन्ही टोकांना एकाच बैठकीत बदलावे लागते, नाहीतर शेजारी तुटतो. सेकंदाच्या आत हवे असेल तर बीएफडी हा लाइन तुटल्याचे झटपट ओळखणारा वेगळा, हलका प्रोटोकॉल जोडीला घ्यावा. पावसाळ्यात अधूनमधून डळमळणाऱ्या लाइनींवर मी तूर्त घाई केलेली नाही.

आणखी एक अडचण त्या रात्री आली नाही, पण महिन्याभरानंतर आली, म्हणून इथेच नोंदवते. लाइन पुरवणाऱ्यांनी मिरजेकडचे त्यांचे उपकरण बदलले, मोठी पॅकेट अडू लागली, आणि कुणीतरी सुचवल्यावरून आमच्या एका टोकाचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० वरून खाली आणला गेला. आधीपासून जोडलेले शेजारी तसेच चालू राहिले, परंतु वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाल्यावर शेजारी एक्सस्टार्टच्या पुढे जाईना. हॅलो पॅकेट लहान असतात आणि त्यात एमटीयू नसतो. डेटाबेसचे वर्णन पाठवताना मात्र एमटीयू लिहिला जातो, आणि तो आपल्यापेक्षा मोठा असेल तर राउटर ते पॅकेट नाकारतो. ‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ लिहून हे दडपता येते, पण मला तो उपाय पसंत नाही, कारण मोठी पॅकेट पुढे अडायची ती अडतातच. दोन्ही टोकांचा एमटीयू सारखा केला आणि शेजारी फुल झाला. एक्सस्टार्टवर अडकलेला शेजारी दिसला की आधी एमटीयू पाहावा; इनिटवर अडकलेला दिसला तर आपले हॅलो पलीकडे पोहोचत नाहीत किंवा स्वीकारले जात नाहीत, म्हणून वाटेतले फिल्टर आणि ऑथेंटिकेशनची किल्ली पाहावी. ओएसपीएफ टीसीपी किंवा यूडीपी वापरत नाही, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल क्रमांक ८९ आहे आणि हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात, हे फिल्टर लिहिणाऱ्याला सांगितल्याशिवाय त्याच्या लक्षात येत नाही.

त्या रात्री फायबर पुन्हा जागेवर बसवली, कॉस्ट १०१० वर परत आल्याची खात्री केली, तिन्ही राउटरांवर ‘रीलोड कॅन्सल’ दिली आणि मगच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’. तासगावच्या सहकाऱ्याला तो कागद मोबाइलवर पाठवला. सोमवारी त्याने त्याची मोठ्या अक्षरांत प्रत काढून राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, आणि खाली स्वतःहून एक ओळ जोडली: सांगली लाइन बंद असल्यास मिरजेची कॉस्ट १०१० आणि सांगलीची १५१०.